डॉक्टर कोणाचा? अंतराळवैद्यकाच्या शिक्षणाची शंभर वर्षं



अंतराळावरची व्याख्यानं आपण ऐकतो, ती बहुतेक वेळा रॉकेटची असतात. किती टन इंधन लागलं, किती वेगाने यान गेलं, कोण पहिला उतरला. या सगळ्या गोष्टीत एक माणूस कायम कडेला उभा असतो. तो म्हणजे डॉक्टर. उड्डाणाआधीच्या छायाचित्रात तो रक्तदाबाची पट्टी बांधताना दिसतो आणि मग दिसेनासा होतो. आज आपण त्याच्याविषयी बोलणार आहोत. अंतराळात जाणाऱ्या माणसाची काळजी घेणारा डॉक्टर घडवायचा कसा, हे जगाने कसं शिकून घेतलं, याचा हा इतिहास आहे.

आता कुणी विचारेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी वैद्यकाच्या इतिहासात कशाला नाक खुपसावं? तर आम्हाला या इतिहासात एक जुनाच प्रश्न दिसतो. डॉक्टर कोणाचा? समोर बसलेल्या रुग्णाचा, की ज्याने त्याला नेमलं त्या संस्थेचा? जमिनीवर हा प्रश्न आपण टाळू शकतो. चारशे किलोमीटर उंचीवर तो टाळता येत नाही.

सुरुवातीला एक मोजपट्टी हातात घेऊ, म्हणजे पुढचा प्रवास मोजता येईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. यांतला वैद्य प्रमुख खरा, पण बाकीचे तीन नसतील तर तो एकटा काही करू शकत नाही. आणि गंमत म्हणजे चरक गुण फक्त वैद्याचे सांगत नाही, रुग्णाचेही सांगतो. रुग्णाला आठवण हवी, त्याने सांगितलेलं ऐकावं, तो भित्रा नसावा, आणि चौथा गुण ज्ञापकत्व. म्हणजे आपल्याला काय होतंय ते वैद्याला सांगता येणं. हा शब्द लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे.

गोष्ट विमानापासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १९१८च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळ मिनिओला इथे वैमानिकांच्या शरीराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उघडली. उंचीवर प्राणवायू कमी झाला की माणसाचं काय होतं, कोण टिकतो, कोण टिकत नाही, याची तपासणी तिथे सुरू झाली. त्याच वर्षी ‘फ्लाइट सर्जन’ हे पद रूढ झालं. नावात सर्जन असला तरी हा माणूस कापाकापी करणारा नव्हे. तो वैमानिकांसोबत तळावर राहायचा, त्यांच्यासोबत उडायचा आणि त्यांच्या तब्येतीवर नजर ठेवायचा.

पण त्याच्याकडे कामं दोन होती, आणि ती एकमेकांशी भांडणारी होती. एक, वैमानिकाला बरं ठेवायचं. दुसरं, तो उडायला लायक आहे की नाही हे ठरवायचं. आता वैमानिकाच्या बाजूने बघा. डॉक्टरच्या खोलीत तो धडधाकट माणूस म्हणून शिरतो. बाहेर पडताना फार तर तसाच बाहेर पडेल, नाहीतर त्याचं उडणं बंद होईल. म्हणजे तिथे जाऊन मिळवण्यासारखं काही नाही, गमावण्यासारखं मात्र सगळं आहे. हे आपल्याला परकं नाही. बसचा चालक डोळ्यांच्या तपासणीला जातो तेव्हा नजर अधू झाल्याचं आपणहून सांगतो का? तक्त्यावरची अक्षरं पाठ करून जाणारेही असतात. त्याला दोष देण्याआधी त्याचं घर त्या नोकरीवर चालतं, हेही पाहावं लागतं. म्हणजे ज्ञापकत्व हा रुग्णाचा गुण असला, तरी तो परिस्थितीवर अवलंबून असतो. सांगण्याची शिक्षा होत असेल तर शहाणा माणूस गप्प बसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवैद्यक अंतराळाकडे वळलं आणि इथे इतिहासातलं एक काळं पान येतं. ते उलटून पुढे जाणं सोपं आहे, पण बरोबर नाही. १९४९ साली अमेरिकेच्या हवाईदलाने टेक्सासमधल्या रँडॉल्फ फील्ड इथल्या विमानवैद्यक विद्यालयात अंतराळवैद्यकाचा स्वतंत्र विभाग काढला. त्याचे प्रमुख होते ह्यूबर्टस स्ट्रगहोल्ड. युद्धाच्या काळात ते बर्लिनमध्ये जर्मन हवाईदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचे प्रमुख होते. दाखाऊच्या छळछावणीत कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून, कमी दाबाच्या कोठीत कोंडून जे प्रयोग झाले, त्यांत अनेक जण मेले. बर्फाच्या पाण्यातल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९४२च्या ऑक्टोबरमध्ये न्यूरेंबर्गच्या एका वैद्यकीय परिषदेत मांडले गेले, आणि त्या परिषदेला स्ट्रगहोल्ड हजर होते. त्यांच्यावर खटला चालला नाही. अमेरिकेत त्यांना ‘अंतराळवैद्यकाचे जनक’ म्हटलं गेलं, त्यांच्या नावाने ग्रंथालय झालं, पुरस्कार सुरू झाला. पुढे कागदपत्रं उजेडात येत गेली. १९९५ मध्ये ग्रंथालयाचं नाव काढलं गेलं आणि २०१३ मध्ये पुरस्कारही बंद झाला.

हे सांगायचं कारण स्ट्रगहोल्ड या एका माणसाचा निवाडा करणं नाही. त्याच न्यूरेंबर्गमध्ये युद्धानंतर डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ साली जी संहिता तयार झाली, तिचं पहिलं कलम माणसाच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं आहे. अंतराळवैद्यक ही अशी विद्या आहे की जिथे रुग्ण जवळजवळ नेहमीच प्रयोगाचाही विषय असतो. अंतराळवीराच्या दंडातून रक्त काढलं जातं, ते त्याच्यासाठी की विज्ञानासाठी? बहुतेक वेळा दोन्हींसाठी. त्यामुळे या डॉक्टरच्या शिक्षणात संमतीचा धडा शेवटच्या तासाला उरकून घेण्यासारखा नाही. तो पायातच घालावा लागतो, कारण तो पायात नव्हता तेव्हा काय झालं, ते आपण पाहिलं आहे.

पुढे आलं मर्क्युरी पर्व. त्या काळच्या डॉक्टरांना खरोखरच काही ठाऊक नव्हतं. वजनरहित अवस्थेत घास गिळता येईल का? डोळ्याच्या बुबुळाचा आकार बदलून दिसेनासं होईल का? आज आपल्याला हसू येईल, पण या शंका गंभीरपणे घेतल्या गेल्या होत्या. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरले तेव्हा यानात नजर तपासायचा छोटा तक्ता होता, आणि नळीतला सफरचंदाचा गर त्यांनी गिळून दाखवला. जमिनीवर झांझिबार, कानो अशा दूरदूरच्या केंद्रांवर डॉक्टर बसवले होते. यान डोक्यावरून जाईल त्या काही मिनिटांत हृदयाच्या ठोक्यांची रेघ, श्वासाचा वेग, शरीराचं तापमान वाचायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. रुग्णाला हात न लावता, त्याचा चेहरा न बघता, फक्त रेघेवरून मत द्यायचं. डॉक्टरी शिक्षणातली ही अगदी नवी गोष्ट होती. आपल्याकडे जुने वैद्य नाडीवर बोट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचे. इथे नाडी होती, पण बोटाखाली मनगट नव्हतं.

आणि त्याच वर्षी डॉक्टरांच्या दुसऱ्या कामाने एका माणसाचं आयुष्य अडवलं. डीक स्लेटन हे पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक. त्यांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडतात, हे १९५९ सालीच लक्षात आलं होतं. अंतराळवीरांचे डॉक्टर विल्यम डग्लस यांना ते उड्डाणाला अडथळा वाटत नव्हतं. पण १९६२च्या मार्चमध्ये प्रकरण वर गेलं, मोठमोठ्या हृदयतज्ज्ञांना विचारलं गेलं, आणि निकाल असा लागला की दुसरा निरोगी माणूस हाताशी असताना धोका कशाला पत्करायचा? स्लेटन यांचं उड्डाण गेलं. ते परत मिळायला १९७२ उजाडलं, आणि प्रत्यक्ष अंतराळात ते गेले १९७५च्या जुलैमध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. आठ वर्षांनी, १९७०च्या एप्रिलमध्ये, अपोलो १३ निघायच्या तीन दिवस आधी केन मॅटिंगली यांना उतरवलं गेलं, कारण त्यांचा रुबेला झालेल्या सहकाऱ्याशी संपर्क आला होता. त्यांना तो आजार शेवटपर्यंत झालाच नाही.

मग डॉक्टर चुकले का? नाही. शक्यतेवर घेतलेला निर्णय निकालावरून चूक ठरत नाही, हे तर्कशास्त्राचं पहिलं पाऊल आहे. पण बाकीच्या अंतराळवीरांनी यातून काय धडा घेतला असेल? तोंड बंद ठेवा, हाच.

१९६८च्या डिसेंबरमध्ये अपोलो ८ चंद्राकडे निघालं. पहिल्याच दिवशी कमांडर फ्रँक बोरमन यांना उलट्या, जुलाब झाले. हे लगेच, उघडपणे जमिनीवर कळवलं गेलं नाही. यानातल्या सोबत्यांनी ते ध्वनिफितीवर नोंदवून नंतर खाली पाठवलं. चंद्राच्या वाटेवरचा पहिला रुग्ण, आणि त्याचं ज्ञापकत्व असं आडवाटेने आलं.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. १९७१ मध्ये अपोलो १५च्या वेळी चंद्रावर जबर श्रम झाल्यानंतर जिम आयर्विन यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडलेले जमिनीवरच्या डॉक्टरांना पडद्यावर दिसले. यानातल्या माणसांना त्याची कल्पना तेव्हा दिली गेली नाही. शरीरातलं पोटॅशियम कमी झालं असावं, असा डॉक्टरांचा अंदाज होता. म्हणून पुढच्या अपोलो १६ मोहिमेत अंतराळवीरांना पोटॅशियम घातलेला संत्र्याचा रस भरपूर प्यायला लावला. त्यावर कमांडर जॉन यंग यांनी चंद्रावर बसून पोटातल्या गॅसबद्दल केलेली तक्रार चुकून सगळ्या जगाला ऐकू गेली. हा हसण्याचा भाग झाला. पण विचार करा, एकदा रुग्णाने डॉक्टरला सांगितलं नाही, एकदा डॉक्टरने रुग्णाला सांगितलं नाही. दोन्हीकडे हेतू चांगलाच होता, मोहीम पार पडावी. पण मधला पूल मोडत होता.

हा पूल बांधायचा एक उपाय म्हणजे डॉक्टरनेच यानात बसायचं. हा प्रयोग आधी सोव्हिएत संघाने केला. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी ‘वोस्खोद १’ यानातून बोरिस येगोरोव्ह गेले. अंतराळात गेलेले ते जगातले पहिले डॉक्टर. एका माणसासाठीच्या यानात सुधारणा करून तिघांना बसवलं होतं. जागा इतकी कमी की अंतराळपोशाख घालायची सोयच नव्हती. उड्डाणाच्या सुरुवातीला काही बिघडलं तर सुटका करणारी यंत्रणाही नव्हती. वर्षानुवर्षं तयारी करणाऱ्या वैमानिकांच्या मानाने येगोरोव्ह यांचं प्रशिक्षण जेमतेम काही महिन्यांचं होतं. चोवीस तासांच्या आसपासच्या उड्डाणात त्यांनी सोबत्यांची तपासणी केली, आणि भोवळ, मळमळ यांचा अनुभव त्यांना स्वतःलाही आला. राजकारणासाठी घाईने केलेलं हे उड्डाण होतं यात शंका नाही. पण त्यातून शिकण्यासारखं एक निघालं. अंतराळातली मळमळ म्हणजे काय, हे आता एका डॉक्टरला पुस्तकातून नव्हे, आतून माहीत झालं होतं.

अमेरिकेने १९६५च्या जूनमध्ये सहा वैज्ञानिक-अंतराळवीर निवडले. त्यांत जोसेफ कर्विन हे नौदलातले फ्लाइट सर्जन होते. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना त्यांच्याबद्दल जरा जास्त आपुलकी आहे, कारण वैद्यकाकडे वळण्याआधी त्यांनी तत्त्वज्ञानात पदवी घेतली होती. मग वैद्यकीय पदवी, मग पेन्साकोला इथलं नौदलाचं विमानवैद्यक शिक्षण, मग स्वतः वैमानिक. त्या तुकडीत ज्यांना विमान चालवता येत नव्हतं, त्यांना वर्षभर जेट विमान शिकायला पाठवलं गेलं. भूगर्भशास्त्रज्ञ असो की भौतिकीचा अभ्यासक, आधी उडायला शिका. यामागे नुसता लष्करी हट्ट नव्हता. संकटात डोकं ठिकाणावर ठेवायला शिकणं, हा त्या शिक्षणाचा गाभा होता.

कर्विन यांना आठ वर्षं वाट पाहावी लागली. २५ मे १९७३ रोजी ते ‘स्कायलॅब’वर गेले आणि अठ्ठावीस दिवस राहिले. या स्थानकाच्या औषधपेटीत दात उपटायचे चिमटेसुद्धा होते, आणि ते वापरायचं शिक्षण दिलेलं होतं. कर्विन सोबत्यांचं रक्त काढत, व्यायामाच्या सायकलवर त्यांचं हृदय तपासत, आणि स्वतःही त्याच सायकलवर बसत. ते तपासणारेही होते आणि तपासले जाणारेही. पण त्यांचं सर्वांत गाजलेलं काम वैद्यकातलं नाही. उड्डाणाच्या वेळी स्कायलॅबचं एक सौरपंख अडकून बसलं होतं. ७ जूनला कर्विन आणि पीट कॉनराड बाहेर पडले आणि अडकलेली पट्टी कापून त्यांनी ते मोकळं केलं. स्थानक वाचलं. सोबत्यांच्या नजरेत डॉक्टरची किंमत तेव्हा किती वाढली असेल! आपल्या खेड्यातला जुना डॉक्टर पुरात लोकांसोबत पाण्यात उतरायचा, मग लोक त्याला पोटातलं सगळं सांगायचे. तसंच हे.

या वाटेवर आपलाही एक धागा आहे. १९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा ‘सॅल्यूत ७’ स्थानकावर पोचले, तेव्हा तिथे ओलेग अत्कोव्ह नावाचे हृदयतज्ज्ञ आधीपासून राहत होते. त्यांचा मुक्काम २३७ दिवसांचा झाला. शर्मांच्या जवळजवळ आठ दिवसांच्या मोहिमेत हृदयाचे प्रयोग होते, आणि वजनरहित अवस्थेत योगासनांचा काय उपयोग होतो याचाही प्रयोग होता. म्हणजे पहिला भारतीय अंतराळवीर वर असताना, त्याच्या शेजारी डॉक्टर होता. पुढच्याच वर्षी याच स्थानकावर व्लादिमीर वास्युतिन आजारी पडले, तेव्हा सोबत डॉक्टर नव्हता. ताप उतरेना, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये मोहीम गुंडाळून सगळ्यांना परत यावं लागलं.

व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांची गोष्ट तर धीराची आहे. मॉस्कोत १९६३ साली जैववैद्यकीय प्रश्नांची एक संस्था स्थापन झाली होती, तिथले ते डॉक्टर. अंतराळवीर म्हणून निवड १९७२ साली, पहिलं उड्डाण १९८८ साली. सोळा वर्षं! मग १९९४च्या जानेवारीत ते ‘मीर’वर पुन्हा गेले आणि १९९५च्या मार्चमध्ये परतले. ४३७ दिवस. एका सलग उड्डाणाचा हा विक्रम आहे. मंगळापर्यंत जाणारा माणूस उतरल्यावर काम करण्याच्या अवस्थेत असेल का, हे त्यांना स्वतःच्या शरीरावर पाहायचं होतं. परतल्यावर यानातून काढून जवळच्या खुर्चीपर्यंत उचलून नेण्याची रीत होती. पोल्याकोव्ह ते थोडंसं अंतर चालत गेले. इथे संमतीचा प्रश्न आपोआप सुटला होता, कारण प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तो, एकच माणूस होता.

सोबत जाणं म्हणजे सोबत मरणंही आलं. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर फुटलं. कल्पना चावलांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यासह गेलेल्या सात जणांत लॉरेल क्लार्क आणि डेव्हिड ब्राउन हे दोघे नौदलाचे फ्लाइट सर्जन होते.

पण प्रत्येक यानात डॉक्टर बसवणं शक्य नाही. जागा मोजक्या आणि कामं शंभर. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर, जिथे २००० सालच्या नोव्हेंबरपासून सलग माणसं राहत आली आहेत, तिथे वेगळीच पद्धत रुजली. प्रत्येक तुकडीत एखाद्या सदस्याला वैद्यकीय अधिकारी नेमतात. तो वैमानिक असेल, अभियंता असेल. त्याला साधारण चाळीस तासांचं वैद्यकीय शिक्षण मिळतं. टाके घालणं, सुई टोचणं, दात दुखला तर काय करायचं, हृदय थांबलं तर काय करायचं. या शेवटच्याचं उदाहरण घ्या. जमिनीवर छाती दाबताना आपल्या वजनाचा उपयोग होतो. वर वजनच नाही! दाबायला गेलात तर तुम्हीच उलटे फेकले जाल. म्हणून रुग्णाला फळीला पट्ट्यांनी बांधायचं, आणि आपण उलटं होऊन पाय समोरच्या भिंतीला रेटून हातांनी छाती दाबायची. शीर्षासन करत जीव वाचवायचा, म्हणा ना.

चाळीस तासांत डॉक्टर होत नाही, हे उघड आहे. मग खरा डॉक्टर कुठे असतो? तो खाली नियंत्रणकक्षात बसतो. आणि त्याला आता नवी विद्या शिकावी लागते, ती म्हणजे दुसऱ्याच्या हातांनी काम करण्याची. २००४ साली गेनादी पादाल्का आणि माइक फिंक, दोघेही डॉक्टर नसलेले, यांनी एकमेकांच्या खांद्यांची सोनोग्राफी केली. खालून तज्ज्ञ शब्दांनी वाट दाखवत होता: थोडं डावीकडे, आता दाब, थांब. चित्रं निदान करण्याइतकी चांगली आली, आणि त्यावरचा शोधनिबंध २००५ मध्ये किरणवैद्यकाच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. इथे चरकाचा तिसरा पाय, परिचारक, एकदम मोलाचा झाला. परिचारकाच्या गुणांत चरक कौशल्याबरोबर रुग्णाविषयीची माया मागतो. सहा महिने एका डब्यात राहणाऱ्या सोबत्यांमध्ये ती नसेल तर कुठे असेल?

या पद्धतीची खरी कसोटी पुढे लागली. एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गाठ आढळली, तीही संशोधनासाठी चाललेल्या सोनोग्राफीत. मोहिमेला दोन महिने झाले होते, चार शिल्लक होते. जमिनीवर असतं तर अर्ध्या तासात रुग्णालय. इथे रक्त पातळ करणारं इंजेक्शन होतं, पण मोजकंच. बाटलीतून सुईत औषध ओढणंसुद्धा वर अवघड, कारण द्रव तळाशी बसत नाही. खालच्या डॉक्टरांनी उत्तर कॅरोलायनातल्या रक्ताच्या गाठींच्या तज्ज्ञाचा सल्ला घेतला, हाताशी असलेलं औषध पुरवून पुरवून वापरलं, आणि पुढे मालवाहू यानातून गोळ्या पाठवल्या. तीन महिन्यांहून अधिक काळ उपचार चालले आणि तो माणूस सुखरूप परतला. २०२०च्या सुरुवातीला ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. लिहिणाऱ्यांत सेरेना ऑन्यॉन-चान्सलर या स्वतः डॉक्टर आणि अंतराळवीर. त्या लेखात रुग्णाचं नाव नाही. स्त्री की पुरुष, तेही नाही. आम्हाला हा लेख त्यातल्या औषधोपचाराइतकाच त्यातल्या मौनासाठी महत्त्वाचा वाटतो. ज्ञान सगळ्यांना मिळालं, रुग्णाचं गुपित रुग्णाकडेच राहिलं. स्ट्रगहोल्ड यांच्या काळापासून इथवर या विद्येने काय कमावलं, ते इथे दिसतं.

आज हा डॉक्टर कसा घडतो? आधी नेहमीची वैद्यकीय पदवी आणि एखाद्या शाखेतलं प्रशिक्षण. मग विमान आणि अंतराळ वैद्यकाचं वेगळं शिक्षण. अमेरिकेत ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठात ते १९७०च्या दशकाच्या शेवटी नागरी डॉक्टरांसाठी सुरू झालं, पुढे टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला, ह्यूस्टनच्या अंतराळकेंद्राच्या सोबतीने. विमानाच्या उंच-खोल झेपेत वीसेक सेकंदांची वजनरहित अवस्था अनुभवायची. नियंत्रणकक्षात रात्रपाळ्या करायच्या. सोयूझ यान उतरतं तेव्हा कझाकस्तानच्या उघड्या माळावर, थंडीत, वाट पाहत उभं राहायचं. आणि वर असलेल्या आपल्या माणसाशी दर आठवड्याला खाजगी बोलायचं. त्या संभाषणाच्या वेळी बाकी कुणी ऐकत नाही. बोरमन यांची ध्वनिफीत आठवा, म्हणजे त्या खाजगी वेळेची किंमत कळेल.

पण ही व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे: आवाज लगेच पोचतो. चंद्रापर्यंत तो सव्वा सेकंदात जातो. मंगळापर्यंत? दोन्ही ग्रह जवळ असतील तर तीन मिनिटं, दूर असतील तर बावीस. ‘रक्त थांबत नाहीये’ असं म्हटलं आणि उत्तर यायला पाऊण तास लागू शकतो. परत यायचं म्हटलं तर महिने. म्हणजे डॉक्टर पुन्हा यानात हवा. आणि तोच आजारी पडला तर?

याचं उत्तर अंतराळाने नव्हे, अंटार्क्टिकाने देऊन ठेवलं आहे. ३० एप्रिल १९६१, गागारिन यांच्या उड्डाणाला अठरा दिवस झाले होते. सोव्हिएत संघाच्या नोवोलाझारेवस्काया तळावर तेरा माणसं होती आणि सत्तावीस वर्षांचे लिओनिद रोगोझोव्ह हे एकमेव डॉक्टर. त्यांचंच अपेंडिक्स सुजलं. बाहेर वादळ, विमान येणं अशक्य. त्यांनी स्वतःच स्वतःवर शस्त्रक्रिया केली, जागं राहून, पावणेदोन तास. हे अनेकांना ठाऊक असतं. पण आधी त्यांनी काय केलं, ते कमी सांगितलं जातं. त्यांनी सोबत्यांना कामं वाटून दिली. हवामानशास्त्रज्ञाने साधनं द्यायची, यंत्रं सांभाळणाऱ्याने आरसा आणि दिवा धरायचा. आणि आपण बेशुद्ध पडलो तर कोणतं औषध टोचायचं, श्वास कसा चालू ठेवायचा, हेही शिकवून ठेवलं. शस्त्र हातात घेण्याआधी ते काही वेळापुरते शिक्षक झाले. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या डॉक्टरला सर्वांत आधी हेच शिकायला हवं: आपल्यावाचून चालेल अशी माणसं तयार करणं.

आता आपल्या दाराशी येऊ. बंगळूरमध्ये १९५७ पासून हवाईदलाची विमानवैद्यक संस्था आहे. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांची तपासणी तिथेच झाली, गगनयानाच्या चौघांचीही तिथेच. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले सैन्यातले डॉक्टर पुढे तिथे जाऊन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतात. आपल्या फ्लाइट सर्जनच्या प्रशिक्षणासाठी २०२१ मध्ये फ्रान्सच्या अंतराळसंस्थेशी करार झाला. शुभांशु शुक्ला २०२५च्या उन्हाळ्यात अंतराळस्थानकावर राहून आले. म्हणजे विद्या येते आहे, माणसं तयार होत आहेत.

आमचं म्हणणं एवढंच की यंत्रं आणि अभ्यासक्रम उसने आणता येतात, विश्वास उसना आणता येत नाही. आपल्याकडे वरिष्ठांपुढे दुखणं बोलून दाखवायची सवय कमी. गणवेशात तर आणखी कमी. त्यात पहिल्या मोहिमेवर देशाचे डोळे लागलेले. अशा वेळी तरुण अंतराळवीर छातीतली धडधड डॉक्टरला सांगेल का? तो सांगावा असं वाटत असेल, तर उपचार करणारा डॉक्टर आणि लायकी ठरवणारं मंडळ यांच्यात स्पष्ट रेघ हवी, आणि ती रेघ अंतराळवीराला दिसली पाहिजे. लपवल्याने काय होतं ते आपण पाहिलं. सांगितल्याची शिक्षा काय असते, तेही स्लेटन यांच्या दहा वर्षांत पाहिलं. दोन्ही टाळायचं, तर सांगणाऱ्याला उभं राहायला जागा ठेवावी लागेल.

डॉक्टर कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांनी असं दिसतं: नेमणूक कुणीही केलेली असो, उड्डाणाच्या वेळी तो वर असलेल्या माणसाचा असायला हवा. तेव्हाच तो मोहिमेच्याही खऱ्या उपयोगाचा असतो.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखलेला आहे, तेव्हा इथे थांबतो.